हाताला दिसलेला बुद्ध

हा लेख आम्ही आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

विहार कसा उभा राहिला, कोणाच्या घरून किती वर्गणी आली, कोणत्या माउलींनी डोक्यावर विटा वाहिल्या, हे या स्मरणिकेत इतर बांधव लिहितीलच. आम्ही पडलो मिलमधली माणसं. शाळा लवकर सुटली, पण बाबासाहेबांनी वाचायला सांगितलं ते काही सुटलं नाही. पाळी संपल्यावर जे वाचलं, सवड काढून ज्या लेण्या पाहिल्या, त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला. तोच आज समाजबांधवांपुढे मांडतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने बुद्धाची मूर्ती पाहायची कशी?

कोणी म्हणेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? बंधू-भगिनींनो, झाला तर! कोणाला काय पाहू द्यायचं, कशाला हात लावू द्यायचा, याचाच इतिहास तर आपल्या बापजाद्यांनी अंगावर सोसला आहे.

आपला जिल्हा आणि अजिंठा

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपला रिसोड तालुका ज्या वाशीम जिल्ह्यात येतो, त्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी इथे होती. १९३९ साली वाशीमला वाकाटकांचा ताम्रपट सापडला, त्यात वत्सगुल्माचे नाव आहे. याच शाखेतला राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खू संघाला दान केले, असे तिथल्या शिलालेखावरून कळते. म्हणजे अजिंठा आपल्याला परका नाही. ज्या गावाला आपण बाजाराला, कोर्टकचेरीला जातो, त्या गावच्या मंत्र्याने ते दान दिलेले आहे. ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून इथे नमूद केली.

आता १६ नंबरच्या शेजारच्या १७ नंबरच्या लेण्यात चला. भिंतीवर जातककथा रंगवल्या आहेत. त्यातल्या दोन कथा अंध माणसांशी, म्हणजे एक माणसांशी आणि एक हत्तिणीशी संबंधित आहे.

पहिली कथा श्यामाची. श्याम हा जंगलात राहून आपल्या आंधळ्या आईबापांची सेवा करणारा मुलगा. पाणी भरायला नदीवर गेला असता शिकारीला आलेल्या राजाचा बाण त्याला लागला. तो निपचित पडला. राजाला वाटले, पोरगा मेला. पश्चात्ताप होऊन तो त्या आंधळ्या आईबापांना हात धरून तिथे घेऊन आला. आईने मुलाच्या छातीवर हात ठेवला आणि तिला ऊब लागली. तिला कळले की पोरगा मेलेला नाही, विषाने बेशुद्ध पडला आहे. पुढे सत्यवचनाच्या बळावर श्याम उठला आणि आईबापांना दृष्टी आली, असे कथा सांगते. चमत्काराचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारावर विसंबायला शिकवलेले नाही. पण कथेचा मधला भाग नीट पाहा. राजाला दोन धड डोळे होते आणि त्याला समोरचा जीव मेलेला दिसला. आईला डोळे नव्हते, पण तिच्या हाताला जिवंतपणा कळला. ही कथा अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यातही आहे. ते लेणे तर इसवी सनापूर्वीचे. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावर हीच कथा दगडात कोरलेली आहे. म्हणजे शतकानुशतके आपल्या कलाकारांना ही आई पुन्हा पुन्हा दाखवावीशी वाटली.

दुसरी कथा मातृपोषक हत्तीची. आंधळ्या आईला सांभाळणारा एक पांढरा हत्ती. राजाच्या माणसांनी त्याला पकडून नेले, पण त्याने खाणेपिणे सोडले. आईविना तो घास घेईना. राजाने शेवटी त्याला सोडले. परत येऊन त्याने आईच्या अंगावर सोंडेने पाणी उडवले. तिला आधी वाटले पाऊसच पडतो आहे. मग तिला कळले की आपले लेकरू आले. पाहा, इथेही ओळख पटली ती अंगाला झालेल्या पाण्याच्या स्पर्शाने आणि लेकराच्या आवाजाने.

आता गंमत म्हणा की दुःख म्हणा. अंधांच्या या दोन कथा ज्या भिंतीवर आहेत, त्या भिंतीसमोर एखादा अंध माणूस उभा केला तर त्याच्यासाठी ती नुसती गार हवेची गुहा. रंगाला हात लावायचा नाही, आणि लावला तरी हाताला काय कळणार? चित्र सपाट असते. ज्याची गोष्ट आहे त्यालाच ती भिंत गप्प.

मूर्ती बोलते कोणत्या भाषेत?

चित्र सपाट असते, पण मूर्तीचे तसे नाही. मूर्तीला उठाव असतो, खोली असते. आमचे तर असे मत झाले आहे की जगात हाताला सर्वात चांगली वाचता येईल अशी मूर्ती कोणाची असेल तर ती बुद्धाची.

कसे ते सांगतो. डोक्यावर हात न्या. केसांचे लहान लहान गोल वळसे लागतात. त्यावर मधोमध उंचवटा, त्याला उष्णीष म्हणतात. कपाळावर दोन भुवयांच्या मधे लहानसा ठिपका, ती ऊर्णा. कान खाली ओघळलेले, लांब पाळ्यांचे. राजपुत्र असताना घातलेल्या जड कर्णभूषणांनी ते लांबले आणि त्यागानंतर रिकामे राहिले, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे कानाच्या पाळीला हात लावला की सिद्धार्थाने काय सोडले ते बोटाला कळते. खांद्यावरून खाली आले की चीवराच्या घड्या. गांधार देशच्या मूर्तीत या घड्या जाड, दोरीसारख्या लागतील. सारनाथच्या गुप्तकाळातल्या मूर्तीत चीवर इतके झिरझिरीत कोरलेले असते की काठाशीच ते जाणवते. कोणती मूर्ती कुठल्या प्रांताची हे चांगल्या बोटांना ओळखता यावे.

मग हात. बुद्धमूर्तीचा खरा अर्थ हातात असतो. दोन्ही तळवे मांडीवर एकावर एक असले तर ती ध्यानमुद्रा. उजवा तळवा पुढे उभा केलेला असला तर अभय, भिऊ नका. दोन्ही हात छातीशी, बोटांची जुळणी केलेली, तर धम्मचक्र प्रवर्तन, म्हणजे सारनाथचा पहिला उपदेश. आणि उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडून बोटे जमिनीला टेकलेली असतील तर भूमिस्पर्श. बोधी मिळाली त्या वेळची ही मुद्रा. आता विचार करा, आपल्या धम्माच्या सर्वात मोठ्या घटनेची खूण कोणती? कोणाकडे पाहणे नव्हे, आकाशाकडे हात करणे नव्हे, तर जमिनीला हात लावणे. साक्ष मागितली ती स्पर्शाने.

त्याही आधीचा इतिहास पाहिला तर सुरुवातीच्या काळात सांची, भारहुत इथे बुद्धाची मानवी मूर्ती कोरतच नसत. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावलांचे ठसे, स्तूप यांनीच बुद्ध दाखवत. आणि स्तूपाला तर प्रदक्षिणा घालायची असते. पायांनी फिरायचे, तोंडाने गाथा म्हणायच्या, फुलाचा आणि धूपाचा वास घ्यायचा. नुसते डोळे भरून पाहण्यावर आपली उपासना कधीच अवलंबून नव्हती. आजारी वक्कली भिक्खूला बुद्धाला पाहायची ओढ लागली होती, तेव्हा भगवंतांनी त्याला समजावले की या देहाला पाहून काय मिळणार, धम्म समजला म्हणजे मी समजलो. हे ज्याने जाणले त्याने डोळस आणि आंधळा असा भेद विहारात कसा करावा?

हत्तीची गोष्ट, पण पुरी

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ती आपल्या पाली साहित्यात, उदान या ग्रंथात आहे हे पुष्कळांना माहीत नसते. श्रावस्तीच्या राजाने आंधळे गोळा केले, हत्ती दाखवायला सांगितला. ज्याने डोके चाचपले तो म्हणाला हत्ती घागरीसारखा, ज्याने कान चाचपला तो म्हणाला सुपासारखा, आणि शेवटी मारामारी. लोक ही गोष्ट सांगून आंधळ्यांना हसतात. भगवंतांनी ती आंधळ्यांना हसण्यासाठी सांगितली नव्हती. माझेच मत खरे म्हणून भांडणाऱ्या डोळस पंथवाल्यांना ती चपराक होती.

आणि आणखी एक बारकावा आहे. मूळ गोष्टीत राजाच्या माणसाने कोणाला नुसते डोकेच दाखवले, कोणाला नुसता कानच, कोणाला नुसते शेपूट. पुरा हत्ती कोणालाच चाचपू दिला नाही! मग दोष कोणाचा? हाताचा की दाखवणाऱ्याचा? मिलमध्ये आम्ही रोज पाहतो. जुना कामगार मूठभर तूर हातात घेतो, चोळतो आणि सांगतो की माल ओला आहे, अजून वाळवा. मशीनच्या बेअरिंगवर हात ठेवून सांगतो की गरम होते आहे, बंद करा. हात खोटे बोलत नाही. पण त्याला पुरे चाचपू दिले पाहिजे.

‘हात लावू नये’

आता आपण वस्तुसंग्रहालयात जाऊ. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेले आपले पुष्कळ लोक मुंबईचे मोठे संग्रहालय पाहून येतात. १९२२ साली ते लोकांसाठी उघडले. पूर्वी त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे सिंधमधल्या मीरपूर खास इथल्या स्तूपातून निघालेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तर पिपरहवा इथे मिळालेल्या भगवंतांच्या अस्थी आहेत. पण कोणत्याही संग्रहालयात गेलात तरी एक पाटी हमखास भेटते. ‘वस्तूंना हात लावू नये.’

ही पाटी वाचून आपल्या माणसाच्या काळजात जरा चर्र होते, हे खोटे नाही. हात लावू नये, शिवू नये, लांब राहा, हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी फार ऐकले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले ते तहान भागवायला नव्हे. या पाण्याला हात लावायचा आम्हाला माणूस म्हणून अधिकार आहे, हे दाखवायला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तोही माणुसकीच्या हक्कासाठीच. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

पण न्यायाने बोलले पाहिजे. संग्रहालयाची पाटी वेगळी आहे. ती सगळ्यांना सारखी आहे आणि तिला कारण आहे. माणसाच्या हाताला घाम असतो, तेल असते. एका हाताने काही होत नाही, पण लाखो हातांनी दगड झिजतो, धातू काळा-पिवळा पडतो, भाजकी माती तर भुगाच होते. रोममध्ये सेंट पीटर या ख्रिस्ती संताचा ब्राँझचा पुतळा आहे. भाविकांनी शतकानुशतके हात लावून लावून त्याच्या उजव्या पायाची बोटे पार गुळगुळीत झाली आहेत. आपल्या मिलमधल्या जुन्या यंत्राची मूठ पाहा, तीही तशीच झालेली असते. अजिंठ्याच्या चित्रांना तर माणसांच्या श्वासाचा दमटपणासुद्धा मानवत नाही. तेव्हा दीड हजार वर्षांचा ठेवा आपल्या नातवंडांसाठीही उरला पाहिजे.

म्हणजे अडचण अशी. एकीकडे ठेवा जपायचा, दुसरीकडे ज्याचे डोळे म्हणजे त्याचे हात, त्याला दर्शनाला मुकू द्यायचे नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. त्यात काही पूर्ण अंध, काहींना अंधुक दिसते. या अडचणीवर जगाने तोडगा कसा काढला तो इतिहास आता सांगतो.

तोडगा कोणी काढला

आधी अक्षरे आली. फ्रान्समध्ये ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल जन्मला. बाप घोड्याचे खोगीर बनवणारा कारागीर. तीन वर्षांचा असताना बापाच्या हत्याराने डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ साली ती छापून निघाली. कामगाराच्या पोराने जगातल्या अंधांना वाचायला शिकवले, हे आपण अभिमानाने सांगावे. आपल्याकडे मुंबईत १९०० साली मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. १९५१ साली भारतातल्या सगळ्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरले, त्यातच मराठी आली. १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंधजन संस्था, म्हणजे नॅब, सुरू झाली.

संग्रहालयाचे दार मात्र उशिरा उघडले. इंग्लंडमध्ये संडरलँड या गावच्या संग्रहालयाचे प्रमुख चार्लटन डीस यांनी १९१३ साली अंध मुलांना बोलावले आणि पेंढा भरलेले पशुपक्षी त्यांच्या हातात दिले. ज्या मुलांनी सिंह हा शब्द नुसता ऐकला होता, त्यांना सिंहाची आयाळ हाताला लागली.

इटलीत आंकोना शहरात १९९३ साली ‘ओमेरो’ नावाचे स्पर्श संग्रहालय निघाले. काढणारे आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे पतिपत्नी, दोघेही अंध. गावोगावच्या संग्रहालयात हात लावू देत नाहीत म्हणून ते रडत बसले नाहीत, त्यांनी स्वतःच एक उभे केले. तिथे मायकेलएंजेलोने घडवलेल्या मृत येशूला मांडीवर घेतलेल्या आईच्या शिल्पाची प्रतिकृती आहे, तिला कोणीही हात लावू शकतो. १९९९ साली त्या संग्रहालयाला सरकारी दर्जा मिळाला.

आपल्याला सर्वात जवळचे उदाहरण मात्र जपानचे. तिथे वाकायामा प्रांताच्या संग्रहालयाने २०१० च्या सुमारास एक काम हाती घेतले. तांत्रिक शाळेची पोरे जुन्या बुद्धमूर्तींची मापे यंत्राने घेतात आणि थ्री-डी प्रिंटरवर तशीच्या तशी प्रतिकृती काढतात. ती अंध मुलांच्या हातात दिली जाते. मूर्तीचे नख न् नख तसेच, पण पडली तरी इतिहास फुटत नाही. पुढे त्याचा दुसरा फायदा निघाला. डोंगराळ गावांतल्या विहारांतून जुन्या मूर्तींची चोरी होऊ लागली होती. तेव्हा मूळ मूर्ती संग्रहालयात सुरक्षित आणि गावाच्या विहारात प्रतिकृती, अशी व्यवस्था केली. अंधांसाठी काढलेला मार्ग सगळ्या गावाच्या कामी आला. समाजात नेहमी असेच होते. सर्वात मागे असलेल्यासाठी जो रस्ता बांधला जातो, त्यावरून शेवटी सगळेच चालतात.

जपानच्याच नारा शहरातली एक मूर्तीही सांगण्यासारखी आहे. चीनमधले थोर भिक्खू जिआनझेन, जपानी लोक त्यांना गांजिन म्हणतात. धम्माचा विनय शिकवायला जपानला जायचे म्हणून त्यांनी पाच वेळा प्रयत्न केला. वादळे आली, जहाजे फुटली, अडवणूक झाली. या खटपटीत त्यांची दृष्टी गेली असे परंपरा सांगते. तरी सहाव्या वेळी, इसवी सन ७५३ मध्ये, ते जपानला पोचलेच. ७५९ साली त्यांनी तोशोदाइजी हा विहार स्थापला. तिथे आठव्या शतकातली त्यांची बसलेली मूर्ती आहे, डोळे मिटलेले, चेहरा शांत. एका अंध भिक्खूची मूर्ती जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहे. ती फार जुनी व नाजूक म्हणून वर्षातून मोजकेच दिवस दाखवतात, आणि एरवी दर्शनासाठी २०१३ साली तिची प्रतिकृती केली. प्रतिकृतीला कमी लेखण्याचे काही कारण नाही, हे यावरून समजावे.

आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचे दालन उघडले. संग्रहालयातल्या वस्तूंच्या २२ प्रतिकृती तिथे खास हात लावून पाहण्यासाठी ठेवल्या, सोबत ब्रेलमधली माहिती आणि कानाने ऐकण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनाचा हक्क आहे आणि कला त्यांच्यापर्यंत पोचेल अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. म्हणजे ही आता कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही, कायदा आहे. अपंगचे दिव्यांग असे नाव बदलले, ते बदलो. आपल्यालाही एकेकाळी कोणी गोड नाव दिले होते. नाव बदलल्याने दार उघडत नाही, कडी काढावी लागते.

मागच्या जन्मीचे पाप?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आंधळ्या माणसाला आजही गावात म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग आहेत. बंधूंनो, हे वाक्य ओळखीचे वाटते का? तुम्ही महार झालात, मांग झालात, ते मागच्या जन्मीच्या पापामुळे, हेच आपल्याला सांगितले जात होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माचा हा सिद्धान्त साफ नाकारला आहे. तो मानला तर गरिबाबद्दल, दुर्बलाबद्दल समाजाची काही जबाबदारीच उरत नाही. खुद्द बाबासाहेबांची दृष्टी शेवटच्या वर्षांत मधुमेहामुळे मंदावली होती. ज्याने आयुष्यभर ग्रंथांशीच संसार केला त्या महामानवाला ते किती जड गेले असेल! तरीही त्यांनी तो ग्रंथ पुरा केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला धम्म दिला. तेव्हा अंधत्व हे पाप नाही, शाप नाही. डोळ्यांचे काम हातांना आणि कानांना द्यावे लागते, एवढेच. आणि ते देण्याची सोय समाजाने करायची असते.

आपल्या विहाराने काय करावे

राष्ट्रीय संग्रहालय दिल्लीला, वाकायामा जपानात. रिसोडच्या अंध माणसाने काय करावे? आपल्या वस्तीतही असे लोक आहेत. वंदनेला येतात, मागे बसतात, गाथा त्यांच्याइतक्या पाठ कोणाच्या नाहीत, स्वर त्यांच्याइतका खणखणीत कोणाचा नाही. पण ज्या मूर्तीसमोर ते इतकी वर्षे हात जोडतात, ती केवढी आहे, तिचे हात कसे आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. एखादा म्हातारा हळूच विचारतो, “मूर्तीले हात लावून पाहू का जी?” आणि आजूबाजूचे एकमेकांकडे पाहतात.

याचे उत्तर आम्ही विचार करून देतो. लावा. आपल्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा नाही, ती कोणाच्या शिवण्याने विटाळत नाही. बुद्ध देव नव्हते, मार्गदाता होते. मूर्ती ही त्यांची आठवण आहे. सोवळे-ओवळे सोडून तर आपण इथे आलो. संग्रहालयात जुन्या दगडाची अडचण आहे, आपल्या विहारात तीही नाही.

पण काम पद्धतशीर झाले पाहिजे, म्हणून काही सूचना करतो.

एक, मोठी मूर्ती उंच चौथऱ्यावर असते. हात पोचत नाही, आणि एवढी मोठी मूर्ती हाताच्या कवेत मावतही नाही. म्हणून दीड-दोन फुटांची, ठळक घडणीची, पितळेची किंवा चांगल्या फायबरची मूर्ती कंबरेच्या उंचीच्या घट्ट टेबलावर ठेवावी. बसून पाहायला खुर्ची असावी. वर पाटी असावी, ‘हात लावून पाहा.’

दोन, दाखवणाऱ्याने दुसऱ्याचा हात धरून ओढू नये. आधी विचारावे, मग मनगटाला हलका आधार द्यावा. हात धुतलेले असावेत, अंगठ्या काढलेल्या. दोन्ही हातांनी आधी पूर्ण मूर्तीचा अंदाज घेऊ द्यावा, मग आसनापासून वर किंवा डोक्यापासून खाली, एका ओळीने जावे. बोलणे थोडे, हाताच्या वेगाने. घाई करू नये. पुरा हत्ती दाखवावा!

तीन, आपल्यातले सुतार, गवंडी बांधव पुष्कळ आहेत. अजिंठ्याच्या एखाद्या चैत्याचा लाकडी नमुना करावा, छप्पर उचलता येईल असा. खांबांच्या दोन रांगा, मागे अर्धगोल भिंत, मधे स्तूप. बोटे खांबांमधून फिरली की प्रदक्षिणा कशी घालतात ते कळते. बोधिवृक्षाचे पान आणि धम्मचक्राच्या आऱ्याही लाकडात उठावदार काढता येतात. चोवीस आरे मोजायला लहान पोरांनाही मौज वाटेल.

चार, त्रिशरण-पंचशील आणि विहाराची माहिती ब्रेलमध्ये करून घ्यावी. ज्यांना ब्रेल येत नाही त्यांच्यासाठी चांगल्या वाचकाच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. अजिंठ्याच्या एकेका चित्राचे वर्णनही असे करता येईल. कोण कुठे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, हे क्रमाने सांगितले तर सपाट भिंतही बोलू लागेल.

पाच, मोतीबिंदू झालेले, अंधुक दिसणारे आपले वडीलधारेही याच प्रश्नात येतात. त्यांच्यासाठी पाट्यांची अक्षरे मोठी आणि ठळक, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, आणि मूर्तीवर डोळे दिपणार नाहीत असा दिवा, एवढे तर उद्याच होऊ शकते.

सहा, नागपूरचे अजब बंगला संग्रहालय १८६३ सालचे, आपल्या विदर्भातले सर्वात जुने. तिथे आणि अजिंठ्याला अंध बांधवांची सहल न्यावी, आधी पत्र देऊन प्रतिकृतींची, मार्गदर्शकाची सोय मागावी. नसेल तर का नाही, असे २०१६ च्या कायद्याचा हवाला देऊन लेखी विचारावे. अर्ज कसा लिहायचा हे बाबासाहेबांच्या लेकरांना शिकवायला नको.

खर्च विचाराल तर एका मिरवणुकीच्या डीजेपेक्षा जास्त लागणार नाही.

वत्सगुल्मच्या मंत्र्याने दीड हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून भिक्खू संघाला लेणे दिले. आपली ऐपत डोंगराची नाही, टेबलावरच्या एका मूर्तीची आहे. पण त्या लेण्यांच्या भिंतीवरची आई ज्या हाताने लेकराची ऊब ओळखते, त्या हाताला आपल्या विहारात भूमिस्पर्शाची बोटे लागली पाहिजेत. येत्या बुद्धपौर्णिमेपर्यंत पहिले टेबल उभे राहावे, अशी विहार समितीला आणि तमाम उपासक-उपासिकांना आमची नम्र विनंती आहे. सुतारकामाची आणि पोती वाहण्याची जबाबदारी आम्ही मिलमधली माणसं घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!